पाणथळ रिकामी करणारे शिट्टीमामा

पाणथळ राखीव क्षेत्राच्या गेटवर एक लोखंडी खांब आहे आणि त्या खांबावर दोन पाट्या आहेत. वरच्या पाटीवर लिहिलंय, 'येथून सूर्यास्ताचे विलोभनीय दृश्य दिसते.' खालच्या पाटीवर लिहिलंय, 'सूर्यास्तापूर्वी क्षेत्राबाहेर पडावे.' दोन्ही पाट्या एकाच खात्यानं लावल्या, बहुधा एकाच दुपारी. त्या दोन पाट्यांच्या मधल्या चार बोटं जागेत एका माणसाची नोकरी बसते. त्याला सगळे शिट्टीमामा म्हणतात.

मामांचं काम सांगायला सोपं आहे. संध्याकाळी आत असतील तेवढ्यांना बाहेर काढायचं आणि गेटला कुलूप लावायचं. गेटापासून निरीक्षण-खोपीपर्यंत आणि तिच्या थोडी पुढे लाकडी फळ्यांची वाट जाते, दलदलीत खांब रोवून केलेली. अर्ध्यावर एके ठिकाणी ती खाली उतरते, आणि मोठ्या भरतीला तिथल्या फळ्यांवरून समुद्राचं पाणी जातं. बुडत कोणी नाही. पण चपला वाहून जातात, आरडाओरडा होतो आणि दुसऱ्या दिवशी खात्याकडे तक्रार येते.

पूर्वी मामांकडे पितळी शिट्टी होती. सूर्य कलला की मामा गेटाशी उभे राहून ती फुंकायचे. माणसं थोडीफार हलायची. बगळे मात्र सगळेच्या सगळे हलायचे. झोपायला म्हणून झुडपांवर येऊन टेकलेले पक्षी एकदम उठायचे आणि अंधार पडेपर्यंत घिरट्या घालायचे. शेवटी एका पक्षीतज्ज्ञानं खात्याला लेखी कळवलं, की आपला कर्मचारी माणसं कमी आणि पक्षी जास्त बाहेर काढतो. शिट्टी ऑफिसच्या खणात जमा झाली. नाव तेवढं मामांकडे राहिलं.

बिनशिट्टीचे पहिले दिवस वाईट गेले. मामा लांबून हात हलवत. लोकही हसून हात हलवत. जवळ जाऊन 'वेळ झाली' म्हटलं, तर 'पाचच मिनिटं काका' असं उत्तर येई, आणि ती पाच मिनिटं कुठल्याही घड्याळात मावत नसत.

तोडगा घरात निघाला. नेमकं सांगायचं तर घराबाहेर, जिन्यावर.

मामांचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत मामींचं शिवणाचं मशीन, उभा आरसा, पडदा आणि एक खुर्ची. मामी बायकांचे कपडे शिवतात आणि उसवून बेतून देतात. नोकऱ्या करणाऱ्या बायका माप द्यायला आणि घालून बघायला संध्याकाळीच येतात. बायका खोलीत कपडे बदलत असताना मामांना तिथं जागा नाही, आणि स्वयंपाकघरात जायचा रस्ता खोलीतूनच आहे. म्हणून आठवडी सुट्टीच्या दिवशी मामा पूर्ण संध्याकाळ जिन्याच्या पायरीवर बसतात. वरच्या मजल्यावर जाणारे पाय त्यांना ओलांडून जातात. खालच्यांची मांजर येते, मामांकडे बघते आणि जागा अडलेली पाहून परत जाते.

तर त्या पायरीवर बसल्या बसल्या मामांच्या लक्षात आलं, की आत गेलेली प्रत्येक बाई ठरावीक वेळानं बाहेर येते आणि हसत येते. मामी कोणालाच 'निघा आता' म्हणत नसत. त्या टाचण्यांची डबी मिटत. मापाची टेप बोटाभोवती गुंडाळत. मग मशीनवर कापड घालत. एवढ्यानंही समोरची बसूनच राहिली, तर आरशावरचा दिवा मालवत आणि म्हणत, "तुम्हाला आज लवकर जायचं होतं ना?" तिला कुठेही जायचं नसे. पण ती गडबडीनं पर्स उचले आणि जिना उतरताना मामांना म्हणे, "बाई फार गोड आहेत तुमच्या."

"हे तू कसं करतेस?" मामांनी एकदा जेवताना विचारलं.

"काय करते?"

"बायकांना घालवतेस ते."

"मी कशाला घालवीन? गिऱ्हाईक आहेत माझी," मामी म्हणाल्या. "माणसाला जा म्हणू नये. त्यालाच जावंसं वाटेल असं वागावं. भाजी संपवा, मला भांडं घासायचंय."

मामांनी भाजी संपवली आणि हात धुताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्यालाही आत्ताच उठवलं गेलंय.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी ही विद्या पाणथळीवर नेली. खाद्यपदार्थांच्या पिशव्या घेऊन आलेल्या कुटुंबाशेजारी ते नुसते उभे राहत आणि कोणालाच उद्देशून न म्हणता म्हणत, "संडास काय तो गेटापाशीच आहे. आत कुठं सोय नाही." मुलांना लगेच लागे, आणि आईला मुलांवर विश्वास नसे. फोनवर बोलणाऱ्याच्या अगदी जवळ जाऊन ते मन लावून ऐकत, मधूनच मान डोलावत. बाकावरच्या जोडप्याच्या शेजारी टेकून सावकाश बूट काढत आणि तळवा चोळत. लांबलचक लेन्सवाल्या फोटोग्राफरला चिखलाचा हात पुढे करून विचारत, "मी जरा डोळा लावू का यातून?" लेन्सला तत्काळ झाकण बसे.

सगळ्यात चिवट पक्षीतज्ज्ञ. त्यांना मामा म्हणत, "मघाशी गेटाजवळच्या डबक्यात काहीतरी तपकिरी बसलं होतं." यात खोटं काही नव्हतं. गेटाजवळच्या डबक्यात काही ना काही तपकिरी कायम असतं. तज्ज्ञ तिपाई खांद्यावर टाकून जवळजवळ पळत सुटत.

असं झकास चाललं होतं. मग खात्यात नव्या मॅडम आल्या.

मॅडम कामसू होत्या आणि सरळ होत्या. त्यांनी वाटेवरच्या खांबाखांबाला लहान स्पीकर लावायची योजना आणली. त्यातून एक बाई मंद आवाजात सांगणार, 'कृपया परतीचा मार्ग धरावा.' हा आवाज बगळ्यांना आठवडाभर ऐकवून पाहिला होता आणि बगळ्यांची हरकत नव्हती. मामांना त्यांनी ऑफिसात बोलावलं.

"स्पीकर आले की संध्याकाळी माणूस लागणार नाही. तुम्हाला शहरातल्या मुख्य कार्यालयात घेते, नकाशांच्या खोलीत. दिवसपाळी. पाचला घरी."

दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. मामांना मात्र डोळ्यांपुढे पायरी दिसली. आत्ता ती आठवड्यातून एकदा होती. दिवसपाळी म्हणजे रोजची संध्याकाळ जिन्यावर, निवृत्तीपर्यंत, आणि निवृत्तीनंतर तर विचारूच नका.

"मॅडम, लोक जातात की आत्ताही. स्पीकर कशाला?"

"तुम्ही त्यांना सांगता काय नेमकं?"

"काही सांगत नाही."

"मग ते जातात कसे?"

"त्यांचे ते जातात. मी फक्त तिथं असतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मामा, हे मी वर कळवू कसं?"

बराच विचार करून त्यांनीच मार्ग काढला. येत्या मोठ्या भरतीच्या दिवशी त्या स्वतः येऊन बघणार. मधल्या सखल फळ्या ओल्या व्हायच्या आत सगळे बाहेर आले, तर स्पीकर रद्द. एक जरी माणूस आत राहिला, तर स्पीकर येणार आणि मामा नकाशांच्या खोलीत जाणार.

मामांनी घरी यातलं अवाक्षर काढलं नाही. घरात तेव्हा आक्का होत्या, आणि आक्कांपुढे काही बोललं की त्याची चर्चा होई.

आक्का म्हणजे मामींची थोरली बहीण. डोळे तपासायला म्हणून दोन दिवसांसाठी आल्या होत्या. मग चष्मा तयार होईपर्यंत राहिल्या. चष्मा आल्यावर त्याची सवय होईपर्यंत राहिल्या. आता सवय झाली होती आणि आक्का खोलीतल्या एकमेव खुर्चीत बसून नव्या चष्म्यातून मामींच्या गिऱ्हाइकांकडे बघत होत्या. "रंग चांगला आहे, पण तुला दंडात काचतोय," असं एकीला म्हणाल्या. दुसरीला म्हणाल्या, "शिवणीत चूक नाही ग, पोट सुटलंय तुझं." दुसरी पुन्हा आली नाही.

मामींची सगळी विद्या आक्कांपुढे लंगडी पडत होती. टाचण्यांची डबी मिटली, तर आक्का ती उघडून रंगांप्रमाणे लावत. आरशावरचा दिवा मालवला, तर म्हणत, "बरं केलंस, डोळ्यांवर येत होता."

"तुम्ही तरी काहीतरी बोला," मामी स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणत.

"मी काय बोलू? तुझी बहीण."

"तुम्ही अख्खी पाणथळ रिकामी करता ना? मग एक बाई उठवून दाखवा."

मामांनी ते आव्हान स्वीकारलं नाही. ते चालून त्यांच्याकडे आलं.

मोठ्या भरतीच्या दिवशी, उन्हं उतरायला लागली तेव्हा, मामा तिकीट-खिडकीपाशी उभे होते. रिक्षा थांबली आणि तिच्यातून मामी उतरल्या. मागोमाग आक्का उतरल्या, खांद्यावर शाल आणि नाकावर चष्मा.

 मामांनी मामींना बाजूला घेतलं. "आजच कशाला आणलंस हिला?"

"आजचं फिटिंग उद्यावर ढकललं. म्हटलं एक संध्याकाळ तरी हिला खुर्चीतून उठवावं. आणि तीच म्हणाली, तुझ्या नवऱ्याचा चिखल बघायचाय."

मामांनी मॅडम, भरती, स्पीकर आणि दिवसपाळी एका दमात सांगून टाकली. मामी ऐकत गेल्या. पाचला घरी, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"रोज? पाचला?"

"रोज."

"अहो, पण बायका येतात तेव्हा."

"तेच तर."

"मग आधी नाही का सांगायचं?" मामी म्हणाल्या. "आता हिला परत कशी नेऊ? ती बघा, गेली पण आत."

आक्का फळ्यांवरून पुढे निघाल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा लांबचं स्पष्ट दिसत असल्यामुळे त्या कुठेही थांबत नव्हत्या.

मॅडम थोड्या वेळानं आल्या, नवे बूट घालून. मामांच्या मागे चार पावलं अंतर ठेवून त्या चालू लागल्या. त्या काही बोलणार नव्हत्या, फक्त बघणार होत्या.

ती संध्याकाळ मामांच्या कारकिर्दीतली सर्वांत देखणी होती. पहिल्या वळणावर एक कुटुंब चटई पसरून बसलं होतं. मामांनी संडासाचा विषय काढला आणि चटई गुंडाळली गेली. पुढे एक तरुण कठड्याला टेकून फोनवर कोणालातरी समजावत होता, की त्याच्या मनात तसं काही नव्हतं. मामा त्याच्या खांद्याशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी खेदानं मान हलवली. तरुण चालायला लागला. लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढून घेत होतं. मामा त्यांच्या मागे, बरोब्बर सूर्याच्या जागी, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काका, जरा बाजूला होता का?" फोटोग्राफर म्हणाला.

"हो हो," मामा म्हणाले आणि सूर्य जिकडे सरकत होता तिकडे सरकले.

निरीक्षण-खोपीत दोन पक्षीतज्ज्ञ होते. काहीतरी तपकिरी, एवढं कानावर पडताच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आधी कोण पोचतो अशा बेतानं दोघे निघाले. खोपी रिकामी झाली. मॅडमनी आता अंतर चार पावलांवरून दोन पावलांवर आणलं होतं.

सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात होता. चिखलावर तांबूस पाणी चढत होतं आणि पाणकावळे पंख वाळत घालून खांबांवर बसले होते. खोपीच्या पलीकडे, वाटेच्या अगदी टोकाला, एक बाक आहे. त्यावर आक्का बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मामी.

मामींचे प्रयत्न आधीपासूनच चालू होते. त्यांनी पर्सची चेन लावली होती. रुमालाची घडी केली होती. "हवेत गारठा आलाय नाही?" असंही म्हणून झालं होतं.

"हो ना," आक्का म्हणाल्या. "बरं वाटतंय. तुझ्या खोलीत काय उकडतं."

मामा पुढे झाले. "आक्का, संडास काय तो गेटापाशीच आहे हं. इथं सोय नाही."

"मी येतानाच जाऊन आले."

मामा बाकाच्या टोकाला टेकले, बूट काढला आणि तळवा चोळायला लागले.

"भेगा पडल्यात," आक्का वाकून म्हणाल्या. "आता दिसतंय मला. रात्री तेल लावा."

मामांनी बूट घातला. "मघाशी तिकडे गेटाजवळ काहीतरी तपकिरी..."

"जावईबापू, मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. तपकिरी असलं काय आणि निळं असलं काय." आक्कांनी चष्मा काढून शालीला पुसला आणि परत चढवला. "आणि हे सगळं आमच्या आईचं आहे. पाहुणे हलेनात की ती ताटं गोळा करायची, मग अंथरुणं काढायची, मग दिवा बारीक करायची. हिला मी शिकवलं. हिनं तुम्हाला शिकवलेलं दिसतंय. म्हणजे माझंच तिसऱ्या हातचं तुम्ही माझ्यावर वापरताय."

मामी पर्सच्या चेनकडे बघत राहिल्या.

मॅडम जवळ आल्या. "मामा, या कोण?"

"मेव्हणी."

"मग त्यांना स्पष्ट सांगा ना, की निघायचंय."

"स्पष्ट सांगायचं नसतं, मॅडम."

"पाणी चढतंय."

"हो."

मॅडमनी घड्याळ बघितलं आणि मग सखल फळ्यांच्या दिशेनं बघितलं. ते बघणं मामांना समजलं. नकाशांच्या खोलीला खिडकी आहे का, हे विचारायचं राहिलंय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मामा पुन्हा बाकावर टेकले, या वेळी बूट न काढता. इतक्या वर्षांत या वेळेला ते इथं कधी बसले नव्हते. सूर्यास्ताकडे त्यांची कायम पाठ असे, कारण माणसं तिकडे तोंड करून असत आणि मामांना माणसांची तोंडं बघायची असत. त्यांनी बघितलं. सूर्य अर्धा बुडाला होता. बरा होता.

"बसा आक्का," ते म्हणाले. "आता कसली घाई. बसा अजून."

आक्का ताडकन उठल्या.

"छे हो, पुरे झालं," त्या शाल सावरत म्हणाल्या. "किती बसायचं एखाद्याकडे. चला, उशीर होतोय." आणि त्या फळ्यांवरून अशा झपाट्यानं निघाल्या, की मामींना मागून अक्षरशः पळावं लागलं.

मामा क्षणभर बाकावरच राहिले. मग तेही पळाले.

उलगडा वाटेत झाला, चालता चालता. मामींनी धापा टाकत विचारलं, "आक्का, मी इतका वेळ उठवतेय तर उठली नाहीस, आणि ह्यांनी बस म्हटल्यावर उठलीस?"

"मग? बस म्हटल्याशिवाय उठायचं कसं?" आक्का न थांबता म्हणाल्या. "आई ताटं उचलायची, अंथरुणं काढायची, सगळं करायची. आणि शेवटी दाराशी उभी राहून म्हणायची, बसा ना अजून. मग पाहुणे उठायचे, दोन्हीकडची अब्रू राहायची. तू निम्मंच शिकलीस. नुसता दिवा मालवून कोणी उठलं, तर ते हाकललं म्हणून उठलं. मी तशी नाही उठणार."

"म्हणजे घरी पण..."

"चष्मा आला त्याच दिवशी मी बॅग भरलीय. टेबलाखाली आहे. रोज वाट बघते, आज म्हणेल, उद्या म्हणेल."

मामींनी ती बॅग रोज बघितली होती. कपाटात जागा नाही म्हणून आक्का बॅगेतूनच कपडे काढतात, असं त्यांना वाटत होतं. आणि 'राहा अजून' हे तीन आठवडे त्यांनी जिभेवर येऊ दिलं नव्हतं, न जाणो ती राहिली तर.

सखल भागात पोचले तेव्हा फळ्यांच्या फटींतून पाणी चकाकत होतं, पण फळ्या कोरड्या होत्या. आक्का पार झाल्या, मामी पार झाल्या, मामा पार झाले. मामांनी मागे वळून पाहिलं.

मॅडम मागेच होत्या, बऱ्याच मागे. खोपीच्या अलीकडे कठड्याला टेकून त्या झुडपांकडे बघत होत्या. बगळे येत होते, आणखी येत होते, जागेवरून भांडत होते आणि एकेक करून पांढरे ठिपके होऊन गप्प बसत होते. मॅडम ही पाणथळ रोज नकाशावर बघत असत आणि आल्या तरी दुपारी येत असत. ही वेळ त्यांनी पाहिली नव्हती.

पाण्याची पहिली पातळ लाट सखल फळ्यांवरून सरकली.

हाक मारली असती तर बगळे उठले असते. हात हलवला असता, तर मॅडमनी बहुधा उलट हलवला असता. मामा पाण्यातून परत गेले, मॅडमच्या शेजारी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "थांबा ना मॅडम अजून. काही घाई नाही."

"नाही नाही, निघायला हवं," मॅडम म्हणाल्या आणि लगबगीनं निघाल्या.

नव्या बुटांत पाणी शिरलं तेव्हा त्या थबकल्या. मामांकडे बघितलं. गेटपर्यंत बुटांचा पचपच आवाज तेवढा येत होता.

मामांनी कुलूप लावलं. तिकीट-खिडकीपाशी मॅडम एका पायावर उभ्या राहून बुटातलं पाणी ओतत होत्या.

"फळ्या ओल्या झाल्या तेव्हा आत माणूस राहिला होता, मामा," त्या म्हणाल्या.

"एक राहिला होता."

"माझ्या अहवालात ते लिहावं लागेल."

"लिहा ना," मामा म्हणाले. "कोण होतं ते विचारतील, एवढंच."

मॅडमनी दुसरा बूट ओतला. त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "स्पीकरचं पुढच्या वर्षी बघू." आणि जरा थांबून, "ते माझ्याशी काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. थांबा म्हटलं."

"थांबा म्हटलंत," मॅडम म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या. गाडीत बसल्यावरही त्या काच खाली करून मामांकडे थोडा वेळ बघत होत्या, दुकानातल्या तराजूकडे बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आक्कांच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. मामा स्वयंपाकघराच्या दारात होते. मामींनी पदर नसताना पदराशी चाळा करावा तशी हातातली टेप ओढली आणि एका श्वासात म्हणून टाकलं, "आक्का, राहा ना अजून चार दिवस."

"नाही ग बाई," आक्का लगेच म्हणाल्या. "तिकडे घर उघडं पडलंय." टेबलाखालून बॅग बाहेर आली. तिचं ओझं बघता आत खरोखरच सगळं भरलेलं होतं. आक्कांनी मामींच्या गालावरून हात फिरवला, मामांना तळव्यांना तेल लावायची आठवण केली आणि त्या जिना उतरायला लागल्या.

इथं मामी चुकल्या. इतके दिवस डोक्यावर असलेलं ओझं एकदम उतरलं की माणसाला उगाच प्रेम येतं. त्या जिन्याच्या कठड्यावरून वाकल्या आणि म्हणाल्या, "खरंच राहिली असतीस ग."

खालच्या पायरीवर आक्कांचे पाय थांबले.

"दुसऱ्यांदा म्हणतेस?"

मामी कठड्यावरून सरळ झाल्या.

"आई दोनदा म्हणायची तेव्हा ते मनापासून असायचं," आक्का म्हणाल्या आणि बॅग घेऊन परत वर आल्या.

मामांची संध्याकाळची पाळी कायम आहे. 'थांबा ना अजून' हे वाक्य त्यांनी आता कामात घेतलंय आणि ते बहुतेकांना लागू पडतं. फोटोग्राफर तेवढे 'थँक्यू काका' म्हणून खरंच थांबतात, त्यांच्यासाठी चिखलाचा हात लागतोच. एकाच माणसाला ते दोनदा म्हणायचं नाही, हे मामा पक्कं सांभाळतात.

घरी मामींनी संध्याकाळपुरती खुर्ची रिकामी करून घेतली आहे. गिऱ्हाइकं यायला लागली की आक्का शाल घेऊन बाहेर जाऊन बसतात. त्यामुळे आठवडी सुट्टीच्या दिवशी आता पायरीवर दोघं असतात, आणि वर जाणाऱ्यांना ओलांडायला एका माणसाऐवजी दोन माणसं लागतात. मांजर येते, दोघांकडे बघते आणि परत जाते. आक्का नव्या चष्म्यातून तिच्याकडे बघत म्हणतात, "तिला बस म्हणून बघा, जावईबापू."